करडई, कारखाना आणि कढई

यंत्रावर अन्न तयार होऊ लागले आणि म्हणून मनुष्य आपल्या अन्नाला पारखा झाला, असे सर्रास म्हटले जाते. परंतु ज्या शहरात अठराव्या शतकापासून पाणचक्की उभी आहे आणि जिच्या जात्यावर, काही कोसांवरील झऱ्यातून नळांनी आणलेल्या पाण्याच्या बळाने, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकिरांसाठी व विद्यार्थ्यांसाठी दळण दळले जात असे, त्या छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्यास हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. तेही यंत्रच होते, पण ते पीठ खाणाऱ्याला ते फिरताना दिसत होते. दुरावा उत्पन्न होतो तो यंत्र भिंतीआड गेल्यावर. आणि मराठवाड्यापुरता त्याचा बोलका दाखला म्हणजे खाद्यतेल.

निजामी अंमलात आणि त्यानंतरही दीर्घकाळ या मुलखाचे प्रमुख तेल करडईचे. खोल काळ्या जमिनीत, पावसाळ्याची उरलेली ओल धरून, ती रब्बीत येई. काटेरी असल्याने जनावरे तिच्या वाटेस जात नसत, म्हणून ज्वारीच्या धुऱ्याकडेने तिच्या ओळी पेरण्याचा परिपाठ होता. बी तेल्याच्या घाण्यावर जाई, तेल घरी येई आणि पेंड गोठ्यात. पुढे १९३७ साली बाजारात आलेला ‘डालडा’ हा वनस्पती तुपाचा प्रकार खेडोपाडी पोहोचला, शिधापत्रिकेवर परदेशी पामोलिन मिळू लागले आणि गेल्या तीनेक दशकांत शिवारेच्या शिवारे सोयाबीनने व्यापली. या शेवटच्या बदलाचा अर्थ स्वयंपाकघरापर्यंत फारसा पोहोचला नाही. सोयाबीनमध्ये तेलाचा अंश शेकडा अठरा ते वीस, त्यामुळे घाण्याला ते परवडत नाही. त्याला कारखानाच लागतो.

त्या कारखान्यात काय चालते, हे सावकाश समजून घेण्यासारखे आहे. दाणे भरडून, तापवून त्यांच्या पातळ पापड्या करतात आणि त्यांवर हेक्झेन नावाचे, पेट्रोलियमपासून मिळणारे द्रावक सोडतात; ते तेल ओढून घेते, आणि सुमारे ६९ अंशांवर उकळत असल्यामुळे उष्णतेने उडवून पुन्हा वापरात घेता येते. मागे राहणाऱ्या पेंडीत तेल शेकडा एकाच्या आसपासच उरते. त्यानंतर कच्च्या तेलातील चिकट द्रव्ये काढणे, कॉस्टिक सोड्याने मुक्त मेदाम्ले दूर करणे, विशिष्ट मातीकडून रंग शोषून घेणे आणि अखेर निर्वात पात्रात, दोनशे अंशांहून अधिक तापमानात वाफ सोडून वास घालवणे, अशा पायऱ्या उतरून जे निवळशंख तेल पिशवीत भरले जाते, त्यात मूळ बियाचा रंगही राहत नाही आणि गंधही.

हे ज्ञान माणसाला एकाच दिशेने नेते, असे मात्र इतिहास सांगत नाही. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याची भेसळ होऊन पन्नासाहून अधिक माणसे दगावली, तेव्हा सुटे तेल टाकून मोहोरबंद पिशवीकडे वळणेच शहाणपणाचे वाटले, आणि सरकारनेही तेलाच्या वेष्टनासंबंधी हुकूम काढला. वनस्पती तुपाची हकीकत आणखी उद्बोधक आहे. निकेलच्या सान्निध्यात तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करीत. साजूक तुपातील त्याची भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पती तुपात शेकडा पाच तिळाचे तेल घालणे कायद्याने बंधनकारक झाले, कारण विशिष्ट रासायनिक परीक्षेत तिळाचे तेल गुलाबी रंग दाखवते. शासनाची चिंता तेव्हा भेसळीची होती; त्याच घट्ट करण्याच्या क्रियेत हृदयास अपायकारक ट्रान्स मेद निर्माण होतात, हे पुढे उमगले, आणि १ जानेवारी २०२२ पासून त्यांची मर्यादा शेकडा दोनवर आणली गेली.

आज या शहरातील वसाहतींतून लाकडी घाणे पुन्हा दिसू लागले आहेत. बैलाच्या जागी वीज आली आहे, परंतु ग्राहक समोर उभा राहून बी पाहू शकतो. ते त्याने अवश्य पाहावे. कारण बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष शुद्धीकरणात बव्हंशी निघून जाते, घाण्याच्या तेलात ते उतरू शकते. म्हणजे घाण्याचे तेल पवित्र आणि कारखान्याचे तेवढे पापी, ही समजूत अज्ञानाचीच दुसरी बाजू होय, असे मला स्पष्टपणे वाटते. हीच डोळस नजर तयार खाण्याकडेही वळवता येते: बिस्किटाच्या पुड्यावरील घटकद्रव्यांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, एवढे कळले तरी पाम तेलाचे त्यातील स्थान वाचता येते.

माझ्या परिचयाच्या काही घरांत जो फरक पडलेला मी पाहतो, तो तेलाच्या जातीपेक्षा त्याच्या मापात अधिक आहे. घाण्याच्या पेंडीत तेल बरेच राहून जाते, म्हणून घाण्याचे तेल महाग पडते. हा हिशेब ज्यांना कळला, ते भावाची कुरकुर न करता फोडणीस कमी तेल घालतात, आणि तळणाची कढई सणावारीच चढवतात. करडईच्या शेताचा प्रश्न याहून कठीण आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे वाण दिले आणि काढणी यंत्राने होऊ लागल्याने काट्यांची अडचणही कमी झाली, तरीसुद्धा शेतकरी रब्बीच्या तोंडावर हरभऱ्याचा भाव विचारतो, आणि करडईला तसा भरवशाचा भाव मोंढ्यात मिळेपर्यंत तो तोच विचारीत राहील.