पोटातल्या बाळाचे ठोके काय सांगतात?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कळा सुरू झालेल्या बाईच्या पोटावर दोन पट्टे बांधलेले असतात आणि शेजारच्या यंत्रातून कागदाची पट्टी सरकत बाहेर येत असते. एका पट्ट्याखालचं साधन बाळाच्या हृदयाचे ठोके टिपतं, तर दुसऱ्याखालचं साधन कळ कधी आली आणि किती वेळ टिकली ते टिपतं. या यंत्राला आम्ही सीटीजी म्हणतो. नातेवाइकांची नजर मात्र पडद्यावरच्या आकड्यावर खिळलेली असते.

मला एक रात्र चांगली आठवते. दोन खाटांवर दोन पहिलटकरणी होत्या. पहिलीच्या बाळाचे ठोके १४० वरून एकदम ९० वर आले. तिच्या सासूबाई घाबरून म्हणाल्या, "डॉक्टरबाई, आता वाट बघू नका, सिझर करून टाका!" दुसरीच्या बाळाचा आकडा १५० च्या आसपास होता. तिची आई निर्धास्तपणे जप करत बसली होती. मला मात्र काळजी दुसरीचीच वाटत होती.

असं का, ते सांगते. कळ आली की गर्भाशय आवळतं आणि तेवढा वेळ वारेला होणारा रक्तपुरवठा कमी होतो. निरोगी बाळाजवळ प्राणवायूची शिल्लक असते, त्यामुळे ते हा ताण सोसतं. ही शिल्लक कमी पडू लागली की त्याची खूण ठोक्यांच्या आलेखात उमटते.

आलेखात आम्ही चार गोष्टी पाहतो. पहिली, ठोक्यांची मूळ गती. ती मिनिटाला ११० ते १६० असावी. दुसरी, रेघेची थरथर. सुस्थितीतल्या बाळाचे ठोके घड्याळासारखे एकसारखे पडत नाहीत, ५ ते २५ ठोक्यांचा फरक सतत पडत राहतो. झोपलेल्या बाळाची रेघही काही वेळ सपाट होते, पण ती फार काळ तशी राहिली तर सावध व्हावं लागतं. तिसरी, मधूनमधून होणारी वाढ. बाळ हललं की ठोके वाढतात आणि ती चांगली खूण असते. चौथी गोष्ट म्हणजे ठोक्यांतली घट आणि तिचा कळेशी असलेला संबंध.

घटीचे प्रकार वेगवेगळे असतात. बाळाचं डोकं दाबलं गेलं की घट कळेबरोबर सुरू होते आणि कळेबरोबरच संपते. तिला घाबरायचं कारण नसतं. नाळ दाबली गेली की ठोके एकदम खाली येतात आणि तितक्याच चटकन वर जातात. कळ ऐन भरात आल्यानंतर सुरू होणारी आणि कळ ओसरल्यावरही रेंगाळणारी घट मात्र बाळाला प्राणवायू कमी पडत असल्याचं सुचवते.

पहिलीच्या बाळाची नाळ दाबली जात होती. मधल्या वेळात रेघ छान थरथरत होती. तिला डाव्या कुशीवर वळवलं, घट कमी झाली आणि पहाटे ती सुखरूप बाळंत झाली. दुसरीच्या आलेखात प्रत्येक कळेनंतर ठोके जेमतेम १५ ने उतरत आणि सावकाश वर येत. रेघ जवळजवळ तासभर सपाट होती आणि पाणी हिरवट आलं होतं. कळा वाढवण्याचं सलाइन बंद केलं, तिला कुशीवर वळवलं, पण फरक पडेना. पिशवीचं तोंड निम्मंच उघडलं होतं, म्हणून शस्त्रक्रिया केली. बाळ मलूल होतं. मास्क लावून श्वास दिल्यावर दुसऱ्या मिनिटाला ते रडलं आणि पाचव्या दिवशी आईबरोबर घरी गेलं.

पण या यंत्रालाही मर्यादा आहेत. एकच आलेख दोन अनुभवी डॉक्टर वेगवेगळा वाचू शकतात. कधी यंत्र बाळाऐवजी आईचेच ठोके टिपतं, म्हणून आईची नाडीही पाहावी लागते. ३७ हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या १३ चाचण्यांचा कॉक्रेन आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ठराविक वेळाने ठोके ऐकण्याच्या तुलनेत सतत यंत्र लावल्याने नवजात बाळांना झटके येण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. मात्र बालमृत्यू किंवा सेरेब्रल पाल्सी कमी झाल्याचं दिसलं नाही आणि सिझर वाढले.

म्हणूनच, आई निरोगी असेल आणि कळा आपोआप सुरू झाल्या असतील तर सतत यंत्र लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सुचवलं. डॉपलरने किंवा पिनार्दच्या साध्या नळीने दर १५ ते ३० मिनिटांनी, आणि बाळ बाहेर येण्याच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी ठोके ऐकावेत. निदान एक मिनिट ऐकावं, कळ चालू असताना आणि ती ओसरल्यावरही. रक्तदाब वाढलेला असेल, बाळाची वाढ कमी असेल, पाणी हिरवट असेल किंवा कळा वाढवण्याचं औषध चालू असेल, तर मात्र सतत लक्ष ठेवायला यंत्र हवंच.

तेव्हा आपल्या घरातली लेक-सून बाळंतपणाला गेली की आकडा पाहून सिझरचा आग्रह धरू नका, आणि डॉक्टरांनी तो सुचवला तर आकडा चांगला दिसतोय म्हणून अडवूही नका. "आलेखात काय दिसतंय, आम्हाला समजावून सांगाल का?" असं जरूर विचारा. तो प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि त्याचं उत्तर देणं आमचं काम आहे.