अंगावर गणवेश, नावावर देश नाही

माणूस एखाद्या देशाचा नेमका कधी होतो? जन्मला म्हणून होतो, हे तर सरळच आहे. पण जो दूरवरून आला, तिथे राबला, तिथल्या सैन्यात भरती झाला, तिथेच संसार थाटला, त्याचं काय? आपल्या ओळखीपाळखीत आज असं एखादं घर सापडणं कठीण, की ज्यातलं कोणी अमेरिकेत नाही. माझाच पुतण्या काही वर्षांपूर्वी तिथला नागरिक झाला. शपथविधीचे फोटो आले, घरी पेढे वाटले गेले. वहिनींच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. ते आनंदाचं की मुलगा कायमचा लांब गेल्याचं, हे मी विचारलं नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून राहिला. हा कागद मिळवताना आपल्या आधीच्यांना काय काय सोसावं लागलं असेल? त्या शोधात मला भेटला तो भगतसिंग थिंद.

नावावरून गफलत नको. हा आपला हुतात्मा भगतसिंग नव्हे. हा अमृतसर जिल्ह्यातल्या तारागढ तलावां गावचा, १८९२ सालचा जन्म. अमृतसरच्या खालसा कॉलेजात शिकला आणि १९१३ साली, एकविशीही पुरी झालेली नसताना, बोटीने सिएटल बंदरात उतरला. तारीख होती ४ जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन! पुढच्या आयुष्यात या योगायोगाची त्याला किती वेळा आठवण झाली असेल, कोण जाणे.

शिकायचं होतं, पण खिशात पैसा नव्हता. ऑरेगन राज्यातल्या लाकडाच्या वखारींत पंजाबी मजूर मोठ्या संख्येने राबत होते. हाही त्यांच्यात सामील झाला. उन्हाळ्यात ओंडके ओढायचे आणि त्या पैशांवर कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात शिकायचं, असा त्याचा क्रम होता. याच ऑरेगनच्या अॅस्टोरिया गावी १९१३ साली गदर चळवळीची मुळं रुजली. आपल्याकडचे पांडुरंग खानखोजे तिकडेच शेतीशास्त्र शिकत शिकत क्रांतीची स्वप्नं पाहत होते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतूनच परतले आणि १९१५ साली लाहोरला फासावर गेले. थिंदचीही या मंडळींत ऊठबस होती. पुढे सरकारी वकिलांनी हे त्याच्याविरुद्ध वापरून पाहिलं.

पहिलं महायुद्ध चालू होतं. जुलै १९१८ मध्ये थिंद अमेरिकेच्या सैन्यात दाखल झाला. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुइस छावणीत त्याचं प्रशिक्षण झालं. डोक्यावरची पगडी त्याने उतरवली नाही आणि वरिष्ठांनीही उतरवायला लावली नाही. अमेरिकी सैन्यातला तो पहिला पगडीधारी शीख मानला जातो. छावणीतला त्याचा एक फोटो आहे. साध्या टोप्या घातलेल्या जवानांच्या घोळक्यात एकच पगडी आणि पगडीखाली काळीभोर दाढी. नोव्हेंबरात तो कार्यवाहू सार्जंट झाला आणि तीनच दिवसांनी युद्ध थांबलं.

सैन्यातल्या परदेशी जवानांना नागरिकत्व चटकन मिळावं, असा कायदा त्याच वर्षी झाला होता. त्यानुसार ९ डिसेंबर १९१८ रोजी थिंदला नागरिकत्वाचा दाखला मिळाला. तो घ्यायला तो गणवेशातच गेला होता. चारच दिवसांनी दाखला रद्द झाला. कारण? हा ‘गोरा’ नाही! आणि आणखी तीन दिवसांनी, १६ डिसेंबरला, सैन्याने त्याला सन्मानपूर्वक निवृत्त केलं. कागदावर वर्तणुकीचा शेरा होता: ‘उत्कृष्ट’.

हे वाचताना मला माझे वडील आठवले. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. पत्र्याच्या ट्रंकेत, लोकरी कोटाच्या घडीखाली त्यांचं डिस्चार्ज बुक असे. दसऱ्याला पाटीपूजनाच्या वेळी ते बाहेर यायचं आणि हळदकुंकू लावून परत आत जायचं. आम्ही मुलं हसायचो. आई म्हणायची, “हसू नका रे, त्यात तुमच्या बापाची सतरा वर्षं आहेत.” शिपायाला त्या एका ओळीच्या शेऱ्याची किंमत काय असते, ती मी पाहिलेली आहे. एका हाताने ‘उत्कृष्ट’ लिहायचं आणि दुसऱ्या हाताने तू आमचा नाहीस म्हणायचं, ही गोष्ट त्या तरुणाला कशी झोंबली असेल!

पण गडी चिवट. पुढच्याच वर्षी ऑरेगनमध्ये त्याने पुन्हा अर्ज केला. गदरशी असलेल्या संबंधांवरून त्याची उलटतपासणी झाली. न्यायाधीश चार्ल्स वुल्व्हर्टन यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नोव्हेंबर १९२० मध्ये त्याला दुसऱ्यांदा नागरिक केलं. सरकारने अपील केलं आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात पोचलं. तिथे त्याचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचून मराठी वाचकाचे कान टवकारतीलच! जन्म अहमदाबादचा, वकिली लॉस एंजेलिसमध्ये, आणि स्वतः १९१४ पासून अमेरिकेचे नागरिक.

कायद्याचा घोळ असा होता. १७९० सालच्या कायद्याने नागरिकत्वाचं दार फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’साठी उघडं ठेवलं होतं. १८७० साली आफ्रिकी वंशाच्या लोकांना त्यात जागा मिळाली. आशियाई माणूस कुठेच बसत नव्हता. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी तसा नाही, असं कारण देण्यात आलं. थिंदच्या बाजूला वाटलं, आता आपलं काम फत्ते. कारण तेव्हाचे वंशशास्त्रज्ञ उत्तर हिंदुस्थानी लोकांना कॉकेशियनच म्हणत.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल लागला. जुन्या निकालाला तीन महिनेच झाले होते आणि निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती तेच, जॉर्ज सदरलँड. या वेळी ते म्हणाले, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ‘गोरा’ या शब्दाचा जो अर्थ घेतो तोच खरा, आणि त्या अर्थाने हिंदू गोरा नाही. एकमताने निकाल! ओझावाला शास्त्र दाखवून बाहेर काढलं आणि थिंदला शास्त्र बाजूला ठेवून. गंमत म्हणजे हे सदरलँड साहेब स्वतः इंग्लंडात जन्मलेले, लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आलेले. म्हणजे तेही परदेशातून आलेलेच. फरक इतकाच, की त्यांना कधी कोणी विचारलं नाही.

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. ती टाळली तर हे स्मरण खोटं ठरेल. थिंदच्या बाजूने न्यायालयात काय मांडलं गेलं? माणूस म्हणून, शिपाई म्हणून मला हक्क द्या, इतकंच नाही. आम्ही उच्च जातीचे शुद्ध आर्य आहोत, असं मांडलं गेलं. लग्नसंबंधाच्या बाबतीत अमेरिकन गोरे निग्रोंकडे जसं पाहतात, तसंच उच्चवर्णीय हिंदू इथल्या मूळनिवासींकडे पाहतात, असाही दाखला दिला गेला. म्हणजे आपल्याकडची शिवाशिव हीच लायकीचा पुरावा म्हणून पुढे केली! जातिभेद न मानणाऱ्या शीख धर्मात जन्मलेल्या माणसाच्या नावावर हे मांडलं गेलं, हे तर अधिकच बोचतं.

योगायोग बघा. थिंद सिएटलला उतरला त्याच महिन्यात, जुलै १९१३ मध्ये, दुसऱ्या किनाऱ्यावर न्यूयॉर्कला एक तरुण उतरला होता. सुभेदार रामजी सकपाळांचा मुलगा, भीमराव आंबेडकर. कोलंबिया विद्यापीठात १९१६ साली वाचलेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिलं, की जातीचं मूळ हे जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे. ज्या बंधनावर त्या तरुणाने बोट ठेवलं, तेच बंधन सात वर्षांनी वॉशिंग्टनच्या न्यायालयात भूषण म्हणून मिरवलं गेलं. थिंदला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. दाराला फटच जर ‘गोरा’ या एका शब्दाएवढी ठेवली असेल, तर माणूस अंग चोरून त्यातूनच घुसायला बघणार. पण दुसऱ्याला खाली ढकलून मिळवलेली उंची टिकत नाही, एवढं या निकालाने दाखवून दिलं.

निकालाचे घाव खोल गेले. आधीच नागरिक झालेल्या हिंदी लोकांचे दाखले सरकार एकेक करून काढून घेऊ लागलं. नागरिक होऊ न शकणाऱ्यांना कॅलिफोर्नियात शेतजमीन घेता येत नव्हती. १९२१ साली नागरिक झालेले सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णोदास बगाई यांचा दाखला गेला, दुकान गेलं, हिंदुस्थानात जाण्यासाठी अमेरिकी पासपोर्टही नाकारला गेला. १९२८ साली त्यांनी जीवन संपवलं. मागे पत्नी कला आणि तीन मुलं. त्या माउलीने मुलं वाढवली, शिकवली. २०२० साली बर्कली शहराने एका रस्त्याला तिचं नाव देण्याचं ठरवलं. सखाराम पंडितांवरही खटला झाला. मात्र दाखल्याच्या भरवशावर आपण वकिली, घर, संसार उभा केला, आता तो मागे घेणं अन्याय ठरेल, हे त्यांचं म्हणणं १९२६ साली वरच्या न्यायालयाने मान्य केलं. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला आणि दाखले काढून घेण्याची मोहीम थंडावली.

आणि थिंद? तो ना परतला, ना कडवटला. गावोगाव फिरून अध्यात्मावर व्याख्यानं देऊ लागला. गुरुबाणी, उपनिषदं, आणि त्यांच्याच जोडीला इमर्सन, व्हिटमन, थोरो. ज्यांनी आपला म्हणायला नकार दिला, त्यांनाच मनःशांतीच्या गोष्टी सांगत राहिला. १९३५ साली अमेरिकी काँग्रेसने पहिल्या महायुद्धात लढलेल्या आशियाई सैनिकांना नागरिकत्व देणारा कायदा केला. १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये भगतसिंग थिंद तिसऱ्यांदा अमेरिकेचा नागरिक झाला. या वेळी कोणी दाखला परत मागितला नाही. जे न्यायालयातल्या आर्यवंशाच्या वादाने जमलं नाही, ते छावणीतल्या जेमतेम पाच महिन्यांनी जमवलं. सर्वसामान्य हिंदी माणसाला मात्र १९४६च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं, आणि तेव्हाही वर्षाला फक्त शंभर जणांना प्रवेश होता.

१९४० साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, व्हिवियन डेव्हिस यांच्याशी त्याचं लग्न झालं. एक मुलगा, एक मुलगी, व्याख्यानांचे दौरे आणि लिखाण असा त्याचा संसार होता. दाढी पांढरी झाली, पण पगडी शेवटपर्यंत डोक्यावर राहिली. १५ सप्टेंबर १९६७ रोजी तो गेला. मागे राहिलेलं अप्रकाशित लेखन त्याच्या मुलाने छापून प्रसिद्ध केलं. बापाच्या नावावर न्यायालयाने काय लिहिलं, ते कायद्याच्या पुस्तकांत आहेच. बाप स्वतः काय म्हणत होता, तेही लोकांनी वाचावं, असं मुलाला वाटलं असावं.

परदेशातल्या आपल्या मुलांना आपण फोनवर जेवणाचं विचारतो, थंडीचं विचारतो. कधीतरी हीही गोष्ट सांगावी. त्यांच्या हातातला तो कागद कोणाकोणाच्या घामाने ओलसर आहे, ते त्यांना कळेल. आणि आपल्यालाही एक विचारता येईल. आपल्या शहरात, आपल्या चाळीत, आपल्या कारखान्यात लांबून पोटासाठी आलेला जो कोणी राबतो आहे, त्याच्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो? सदरलँड साहेबांचा तो ‘सामान्य माणूस’ फक्त अमेरिकेतच राहत नाही.