गादा, जाळं आणि मोजणीचं गणित

मोहाडीत आल्याआल्या आम्हाला पहिला प्रश्न आला तो असा, "आपल्या वैनगंगेत डॉल्फिन आहेत का जी?" नाहीत. नावात गंगा असली तरी आपलं पाणी प्राणहिता आणि गोदावरीतून समुद्राला जातं, आणि गंगेतला सूंस गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पाण्यातच राहतो. महाराष्ट्रातला डॉल्फिन बघायचा तर राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर जावं लागतं.

कोकणात त्याला 'गादा' म्हणतात. रंग करडा, पाठीवर उंचवटा. हा खोल समुद्रात फारसा जात नाही. खाडीच्या तोंडाशी, उथळ पाण्यात मासे धरतो. म्हणजे माणूस जाळं टाकतो नेमका तिथेच! 'आययूसीएन'च्या लाल यादीत तो संकटग्रस्त आहे.

आता हे मोजायचे कसे? आपल्या मामा तलावाचंच उदाहरण घेऊ. समजा, ५० मासे पकडले, खूण केली, सोडून दिले. काही दिवसांनी पुन्हा ५० पकडले, त्यात खुणेचे १० निघाले. म्हणजे दर पाचात एक खुणेचा. तर तलावात साधारण २५० मासे. गाद्याला पकडून खूण करता येत नाही, पण त्याची गरजही नाही. त्याच्या पाठीवरच्या पराच्या कडेला खाचा असतात, प्रत्येकाच्या वेगळ्या. संशोधक होडीतून त्या पराचे फोटो काढतात आणि पुढच्या फेरीत जुने चेहरे किती भेटले ते बघतात. चेहरे म्हणजे पाठीच, बरं का.

मादी एका वेळी एकच पिल्लू देते, आणि पुढचं व्हायला साधारण तीन वर्षं जातात. म्हणून जाळ्यात एक मादी गेली तरी ती भरून यायला फार काळ लागतो. डॉल्फिन मासा नाही, तो हवेवर श्वास घेतो. अडकला की चक्क बुडून मरतो. आवाजाच्या प्रतिध्वनीवरून तो वाट शोधतो खरा, पण नायलॉनचा बारीक धागा प्रतिध्वनी फारच क्षीण देतो.

जाळं कापलं तर तो सुटतो. पण जाळं कोणाचं? इथल्या ढिवर बांधवांना हे आम्ही सांगायला नको. २०१८ च्या अखेरीपासून राज्य सरकार अशा कापलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. पुरावा म्हणून सुटकेचे फोटो लागतात. हे चांगलंच झालं. पण जाळ्याबरोबर त्या दिवसाची मासळीही जाते, आणि होडीवर एकाने जाळं कापायचं तर दुसऱ्याने मोबाईल धरायचा.