वेडी बाभूळ उपटल्यावर

जोधपूरला गेलेला प्रवासी मेहरानगड चढतो, तटावरून निळी घरं पाहतो आणि उतरतो. त्याच तटाखाली सुमारे 70 हेक्टरांचा एक खडकाळ, काटेरी पट्टा आहे, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. राव जोधा डेझर्ट रॉक पार्क हे त्याचं नाव. 2006मध्ये मेहरानगड म्युझियम ट्रस्टने इथे काम सुरू केलं, ते प्रदीप क्रिशन यांच्या मार्गदर्शनाखाली. 2011पासून हा परिसर लोकांसाठी खुला आहे. वाळवंट हिरवं करण्याच्या योजना आपल्याकडे पुष्कळ झाल्या. या जागेचं मोल वेगळ्याच गोष्टीत आहे: इथे आधी हिरवाई काढून टाकली गेली. कोरड्या मुलखाची सेवा कशी करावी, हे शिकायचं असेल तर आज देशात याहून चांगली शाळा क्वचितच सापडेल, असं माझं मत आहे.

काढून टाकलेली हिरवाई म्हणजे वेडी बाभूळ. सोलापूर-मराठवाड्यातल्या माणसाला तिची ओळख करून द्यायला नको. मूळची ती अमेरिका खंडातली. मारवाडात 1930च्या दशकात महाराजा उमेदसिंहांच्या काळात तिचा प्रसार झाला. विमानातून बी टाकल्याची गोष्ट जोधपुरात आजही सांगतात. हेतू चांगलाच होता, उजाड मुलूख झाकला जावा. पण शेळ्यामेंढ्या तिच्या शेंगा खातात, पाल्याला तोंड लावत नाहीत; लेंड्यांतून बी पसरतं आणि मुळाशी असलेले डोळे शाबूत राहिले तर तोडलेलं झाड पुन्हा फुटतं. किल्ल्याभोवतालच्या खडकांवर जवळपास तिचंच राज्य झालं होतं. कुऱ्हाड इथे हरते. किल्ल्याच्या पायथ्याशी सुरुंग लावणंही शक्य नव्हतं. अखेर हे काम साधलं ते खांडवालियांना, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वालुकाश्माच्या खाणींत राबणाऱ्या कामगारांना. हातोडीच्या ठोक्याचा आवाज ऐकून खडक कुठे भरीव आहे आणि कुठे चिरलेला, हे त्यांना कळतं. छिन्नी-हातोडीने त्यांनी एकेका झाडाभोवतीचा खडक सुमारे दीड फूट खोल कोरला आणि बाभूळ मुळाच्या गड्ड्यासकट बाहेर काढली. जे खड्डे उरले, त्यांतच मग मरुभूमीची आपली रोपं लावली गेली. या प्रकल्पातलं सर्वांत मोलाचं ज्ञान अशा माणसांच्या कानांत आणि मनगटांत होतं, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते.

हा खडक ज्वालामुखीचा आहे, सुमारे 75 कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे त्याच्यापुढे अगदीच कोवळा. वर वालुकाश्म चढलेला, माती जेमतेम चिरांमध्ये साचलेली आणि पाऊस वर्षाला सरासरी 350 मिलिमीटरच्या आगेमागे. अशा ठिकाणी काय जगेल, याचं उत्तर थरच्या इतर खडकाळ टेकड्यांवर शोधून मग लागवड झाली: थोर, कुमट, गुग्गुळ, रक्तरोहिडा आणि आपण जिला नेपती म्हणतो ती केर. मारवाडी ताटातल्या पंचकुट्याच्या भाजीत केराची फळं आणि कुमटाच्या बिया पडतात, तेव्हा ही झाडं केवळ वनस्पतिशास्त्राची नाहीत. पाण्याचा इतिहासही याच उतारांवर कोरलेला आहे. 1459मध्ये राव जोधांनी किल्ल्याचा पाया घातला आणि जवळपास त्याच काळात राणीसर तलाव झाला. या खडकांवर पडणारा पाऊस तलावांकडे वळवण्यासाठी खोदलेला जुना पाट, हाथी नहर, आजच्या पायवाटेवर लागतो. सिंघोरिया पोळ या जुन्या वेशीपाशी माहिती केंद्र आहे आणि तिथून वेगवेगळ्या रंगांच्या खुणांनी दाखवलेल्या वाटा फुटतात.

यावर एक आक्षेप सरळ आणि रास्त आहे. वेडी बाभूळ गरिबाची चूल पेटवते, दुष्काळात तिच्या शेंगा जनावरं जगवतात. मग तिला शत्रू का ठरवायचं? जिथे लोकांचं सरपण तिच्यावर अवलंबून आहे, तिथे पर्याय उभा केल्याशिवाय ती उपटू नये, हे मला मान्य आहे. मात्र त्यावरून ती प्रत्येक खडकावर असावी, असं ठरत नाही. तिच्या दाटीखाली केर-कुमट नाहीसे होतात, तेव्हा त्याच गरिबाचं अन्न आणि डिंक जातो. दुसरा आक्षेप असा की 70 हेक्टरांसाठी एवढी मेहनत परवडते कुणाला? एकेक झाड छिन्नीने काढत सबंध थर मोकळं करता येणार नाही, हे खरंच. पण उचलायची आहे ती पद्धत, म्हणजे आधी जमीन वाचायची आणि मग खड्डा घ्यायचा. 2019च्या पावसाळ्यात महाराष्ट्राने 33 कोटी झाडं लावण्याचा संकल्प सोडला होता. असे आकडे ठरवताना माळरान ही रिकामी जागा धरली जाते. गवताळ माळावर राहणारे धाविक आणि चंडोल हे पक्षी कुणाच्या हिशेबात येत नाहीत. काहीजण असंही विचारतात की साडेपाचशे वर्षं माणसाने वापरलेल्या टेकडीचं ‘मूळ’ रान कुठलं? ते कुणी हुबेहूब परत आणू शकत नाही, आणि इथलं रान माणसानेच निवडून लावलेलं आहे. ते खडकाच्या अंगाला शोभतं का आणि टँकरवाचून तगतं का, एवढंच पाहणं पुरेसं आहे.

चालायला ऑक्टोबर ते मार्च सोयीचा, पण शक्य असेल तर पावसाळ्यात जावं. एरवी वाळका वाटणारा उतार तेव्हा काही आठवड्यांसाठी गवताने भरतो. त्याच दिवसांत मातीत दडलेलं वेड्या बाभळीचं बीही रुजतं आणि तिची कोवळी रोपं मूळ धरण्याआधी शोधून उपटावी लागतात.