ॲक्सेस डिनाइड : एका फाइलचा शोध

(तृतीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लेख लिहावा, हे आमच्या काही प्राध्यापकांना कदाचित रुचणार नाही. परंतु यंदा दिवाळीनंतर माझ्या एका वर्गमैत्रिणीच्या बारा पानांवर जो प्रसंग ओढवला, तो पाहिल्यापासून हा विषय केवळ विज्ञान शाखेवर सोपवून चालणार नाही, असे माझे मत झाले आहे.

ही मैत्रीण दौंडची. रोज एस.टी.ने शिरूरला येते. प्रकल्पासाठी तिने दौंडच्या रेल्वे वसाहतीतील निवृत्त कामगारांच्या मुलाखती घेतल्या आणि संगणक कक्षात बसून त्या टाइप करीत आणल्या. सुट्टीनंतर ती आली, जुनी फाइल उघडली, दिवसभर बसून बारा पाने वाढवली आणि 'सेव्ह' दाबले. पडद्यावर अक्षरे उमटली : 'ॲक्सेस डिनाइड'. स्वतःच्याच फाइलवर स्वतःलाच मज्जाव!

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. 'डॉक्युमेंट्स' हे फोल्डर आपल्या समोरच्या यंत्रात आहे, असे आपण धरून चालतो. घरच्या संगणकात ते बहुधा तसे असतेही. आमच्या कक्षात मात्र ते सर्व्हर नावाच्या दुसऱ्याच यंत्रावर वळवलेले आहे. विंडोज २००० पासून ही सोय आहे. हेतू चांगला, की विद्यार्थी कोणत्याही यंत्रावर बसला तरी त्याचे कागद त्याच्यापुढे यावेत. दौंडकरांना हे समजावणे सोपे आहे. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला आली, की इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावीत आणि गाडी उलट्या दिशेने निघे. (कॉर्ड लाईन झाल्यापासून काही गाड्या बाहेरूनच वळतात.) झोपलेल्या उतारूला त्याचा पत्ताही नसे. आपले सॉफ्टवेअर हा तसाच झोपलेला उतारू. आपण सरळ चाललो आहोत असे त्याला वाटते. गाडी केव्हाच सर्व्हरकडे वळलेली असते.

आता पुन्हा त्या दिवसाकडे. सर्वांना सुचतो तोच उपाय झाला. कक्षातले दादा म्हणाले, "'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' कर, सगळं चालतं." त्यांनी आपला पासवर्ड घातला, प्रोग्राम नव्याने उघडला, तिने सगळा मजकूर त्यात चिकटवला, 'डॉक्युमेंट्स'मध्ये सेव्ह केला. झाला! जुनी खिडकी बंद करून ती बस पकडायला पळाली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या यंत्रावर पाहते तो जुनीच फाइल. बारा पाने नाहीत. प्रकल्प द्यायला उरले होते दोन दिवस.

पाने हरवली नव्हती, पत्ता चुकला होता. दादांचा पासवर्ड पडताच तो प्रोग्राम दादांच्या नावाने चालू लागला, आणि 'डॉक्युमेंट्स' तर ज्याचे त्याचे वेगळे. दादांचे खाते त्या एका यंत्रापुरते होते. म्हणून पाने त्याच यंत्राच्या सी ड्राइव्हमध्ये, त्यांच्या नावाच्या फोल्डरात जाऊन बसली. आदल्या दिवशी ती कोणत्या यंत्रावर बसली होती हे आठवायलाच अर्धा तास गेला. खिडकीजवळचे तिसरे. तेथे पाने सापडली, तेव्हा ती रडली नाही, पण मी जवळजवळ रडलो!

मूळ दुखणे मात्र तसेच होते. मी एक साधी परीक्षा केली. त्याच फोल्डरात नोटपॅडने दोन ओळी सेव्ह करून पाहिल्या. त्या झाल्या असत्या, तर दोष प्रोग्रामकडे गेला असता. काही जुन्या प्रोग्रामांना दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारा सर्व्हरचा पत्ता पचत नाही; आणि २०१७ पासून विंडोज १० मध्ये असा एक पहारा आहे, की तो चालू केल्यास अनोळखी प्रोग्रामला 'डॉक्युमेंट्स'मध्ये लिहू देत नाही. पण नोटपॅडलाही नकारच आला. म्हणजे दोष परवानगीचा.

सर्व्हर सांभाळणाऱ्या सरांनी मात्र तो मानला नाही. त्यांनी 'सिक्युरिटी'त तिचे नाव दाखवले, पूर्ण हक्कांसह. सर्व्हरवरच बसून एक नवी फाइलही करून दाखवली. खरे बोलत होते तेही. गोम अशी, की नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन दारे ओलांडावी लागतात. वाड्याचा दिंडी दरवाजा म्हणजे शेअरची परवानगी, आतल्या खोलीचे कुलूप म्हणजे फाइलची. दोहोंपैकी जी अधिक कडक, तीच चालते. जो सर्व्हरवरच बसला आहे तो मुळात वाड्याच्या आत आहे. त्याला दिंडी दरवाजा लागतच नाही. सुट्टीत सर्व्हरची डिस्क बदलून फोल्डर नव्याने शेअर केले होते, आणि नव्या शेअरवर 'सर्वांना फक्त वाचन' हीच मूळची परवानगी राहून गेली होती. म्हणून फाइल उघडत होती, पण सेव्ह होत नव्हती.

सरांनी शेअरवर विद्यार्थ्यांच्या गटाला लिहिण्याचा हक्क दिला. दोन मिनिटांचे काम. तेवढ्यात एकाने सुचवले, "आतली कुलपंही काढून टाका ना, कटकटच नको." त्याला तिनेच नकार दिला. त्या म्हाताऱ्यांनी घरातली भांडणे, पेन्शनवरची कर्जे तिच्यापाशी विश्वासाने बोलून ठेवली होती. ती वर्गाने वाचावीत म्हणून नव्हे.

आतली कुलपे राहिली. खिडकीजवळच्या यंत्रातली ती प्रत तिने आपल्या फोल्डरात आणली, आणि तेथली आठवणीने पुसली. आता ती कोठेही बसली, की प्रथम 'डॉक्युमेंट्स'च्या 'प्रॉपर्टीज'मधले 'लोकेशन' पाहते आणि मग लिहायला घेते.