वखार, नांगर आणि एक शेअर

समजा, रेडीच्या समुद्रात खोल पाण्यात एक जहाज नांगर टाकून उभं आहे. बंदरातून बार्ज लोहखनिज घेऊन त्याच्यापाशी जातात, दिवसरात्र भरणी चालते. जहाजावरचा झेंडा पनामाचा आहे, मालक ग्रीसमधला आणि ते चालवणारी कंपनी सिंगापूरची. माल चीनला निघालाय. खलाशांमध्ये एखादा देवबागचा, एखादा शिरोड्याचा. या एका फेरीच्या भाड्यातून जो नफा होणार, त्यावर आयकर कोणी घ्यायचा? भारतानं, ग्रीसनं, सिंगापूरनं की पनामानं?

बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या करांचा विषय निघाला की आपण पान उलटतो. तो मुंबई-दिल्लीच्या वकिलांचा प्रांत आहे असं वाटतं. मला मात्र तो सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून जितका स्वच्छ दिसतो तितका कुठूनच दिसत नाही, कारण या किनाऱ्यानं त्याच्या जवळपास सगळ्या अवस्था पाहिल्या आहेत.

आधी जहाजाचं बघू. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम १७२ खास अशाच पाहुण्यांसाठी लिहिलेलं होतं. परदेशी कंपनीचं जहाज भारतीय बंदरातून माल किंवा प्रवासी घेऊन निघतं तेव्हा त्या भाड्याचे साडेसात टक्के म्हणजे त्या कंपनीचा नफा, असं कायदा धरून चालतो. खरा नफा किती, खर्च किती, याच्या खोलात तो जात नाही. भाडं १ कोटी रुपये असेल तर ७ लाख ५० हजार हे उत्पन्न, आणि परदेशी कंपनीला लागू असलेल्या ३५ टक्के दरानं त्यावर २ लाख ६२ हजार ५०० रुपये कर, अधिभार वेगळा. सगळ्यात लक्षात राहण्यासारखी गोष्ट म्हणजे विवरणपत्र भरायची जबाबदारी जहाजाच्या कप्तानावर टाकलेली आहे. कर भरला किंवा त्याची पक्की तजवीज झाली याची खात्री पटल्याशिवाय कस्टम अधिकाऱ्यानं बंदर सोडण्याचा परवाना द्यायचा नाही. तजवीज झाली असेल तर विवरणपत्रासाठी ३० दिवसांची सवड मिळते. प्रत्यक्षात हे सगळं जहाजाचा स्थानिक एजंट निस्तरतो. पण कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काय होतं ते उघड आहे. एकदा नांगर उचलला की माणूस, माल आणि पैसा सगळंच क्षितिजापार. जे काही मागायचं ते नांगर पाण्यात असतानाच मागायला हवं.

यावर उतारा असतो तो दोन देशांमधल्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या कराराचा. एकाच नफ्यावर दोघांनी कर लावला तर व्यापारच बुडेल, म्हणून जहाजांच्या नफ्यावर कंपनी ज्या देशातली किंवा जिथून चालवली जाते त्या देशानंच कर घ्यावा, असं बहुतेक करारांत ठरलेलं असतं. पनामाचा झेंडा इथे कामाला येत नाही. कंपनी चालते कुठून हे विचारलं जातं. आपल्या जहाजाची कंपनी खरोखर सिंगापूरमधून चालत असेल तर ती करार पुढे करते, दाखले देते आणि मोकळी होते.

खनिज निर्यात करणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यालाही या जाळ्यात अडकावं लागलं होतं. जहाज ठरल्या मुदतीत भरून झालं नाही तर खोळंब्याचे पैसे, म्हणजे डेमरेज, द्यावे लागतात. ते परदेशी कंपनीला देताना कर कापायचा की नाही? मुंबई उच्च न्यायालयानं गोव्यातल्या एका निर्यातदाराच्या प्रकरणात आधी कापायला हवा असं म्हटलं. पुढे धेंपो कंपनीच्या प्रकरणात हाच प्रश्न पूर्णपीठापुढे गेला आणि २०१६ मध्ये निकाल उलटा लागला: जहाजाचा कर कलम १७२ खाली वसूल होत असेल तर पैसे देणाऱ्यानं वेगळा कापायची गरज नाही. पावसापूर्वीच्या चार दिवसांत भरणीची घाई करणाऱ्या माणसाला या एका वाक्यासाठी किती वर्षं थांबावं लागलं, याचा मला आजही राग येतो. नियम कडक असला तरी चालतो, तो आधी कळायला हवा.

आता थोडं मागे जाऊ. वेंगुर्ल्यात डच वखारीच्या पडक्या भिंती आहेत. १६३७ साली डच ईस्ट इंडिया कंपनीनं इथे बस्तान बसवलं, ते शेजारच्या पोर्तुगीज गोव्यावर नजर ठेवायला आणि आपल्या जहाजांना रसद पुरवायला. १६०२ साली स्थापन झालेल्या या कंपनीचे शेअर ॲमस्टरडॅममध्ये विकले जात होते. भांडवल एका देशात, माल दुसऱ्या, गिऱ्हाईक तिसऱ्या. बहुराष्ट्रीय कंपनी म्हणतात ती हीच, आणि ती आपल्याकडे पावणेचारशेहून अधिक वर्षांपूर्वीच आलेली आहे. फरक एवढाच की तिला भिंती होत्या. राज्यकर्त्याला तिच्याशी बोलायचं असेल तर दार ठोठावता येत होतं.

त्याच शतकातलं दुसरं उदाहरण कुडाळचं. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळ प्रांताच्या सरसुभेदाराला, नरहरी आनंदराव यांना, मिठाच्या जकातीबद्दल पत्र पाठवलं. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडत होतं, व्यापारी तिकडे वळले असते आणि आपली मिठागरं बसली असती. म्हणून बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवायला सांगितली की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडावं. सीमेपलीकडच्या भावाचा इथल्या आगरावर काय परिणाम होतो, हे त्या पत्रात नेमकं पकडलेलं आहे. पण मीठ गोणीत भरलेलं असतं. नाक्यावर गोणी अडवता येते.

नफा गोणीत भरलेला नसतो.

दोडामार्गाच्या हद्दीला लागून डिचोली तालुका आहे. तिथल्या साखळीच्या खाणीमुळे सेसा गोवा हे नाव आपल्या भागात घरोघरी माहीत. १९५४ साली इटालियन मंडळींनी सुरू केलेली ही कंपनी. नावातलं ‘सेसा’ हेही त्यांच्या इटालियन नावाच्या आद्याक्षरांतून आलेलं. १९९६ मध्ये तिचे ५१ टक्के जपानच्या मित्सुईकडे गेले आणि २००७ मध्ये वेदांतनं ते ९८ कोटी १० लाख डॉलरना घेतले. पण हा व्यवहार गोव्यात झाला नाही. सेसाचे ५१ टक्के शेअर फिनसायडर नावाच्या एका ब्रिटिश कंपनीच्या नावावर होते. विकली गेली ती फिनसायडर. विकणारी मित्सुईची ब्रिटनमधली कंपनी, घेणाऱ्या दोन कंपन्या, एक सायप्रसची आणि एक मॉरिशसची. खाणी, ट्रक, बार्ज, कामगार जिथल्या तिथे राहिले. सेसाच्या भागधारकांच्या वहीत एक ओळही बदलली नाही, आणि मालक बदलला. आयकर खात्यानं घेणाऱ्यांना नोटीस पाठवली: मालमत्ता भारतातली आहे, मग विकणाऱ्याचा कर कापून का ठेवला नाही? कर्नाटक उच्च न्यायालयानं २०११ मध्ये नोटिशीत हात घालायला नकार दिला.

याच २००७ साली, याच पद्धतीनं, याहून कितीतरी मोठा व्यवहार झाला तो व्होडाफोनचा. हचिसननं भारतातला मोबाइल धंदा सुमारे ११ अब्ज डॉलरना विकला, तोही केमन बेटांवरच्या एका कंपनीचा फक्त एक शेअर देऊन. घेणारी व्होडाफोनची कंपनी नेदरलँड्सची, म्हणजे पुन्हा डच. खात्यानं ११ हजार कोटी रुपयांहून अधिक कर मागितला. मुंबई उच्च न्यायालयानं २०१० मध्ये खात्याची बाजू घेतली. २० जानेवारी २०१२ रोजी सरन्यायाधीश कपाडिया यांच्या पीठानं ती फिरवली. शेअर परदेशातला, विकणारा-घेणारा परदेशातले, आणि तेव्हाच्या कायद्यात अशा व्यवहाराला पकडायला शब्दच नाहीत, असं न्यायालयानं म्हटलं. मग त्याच वर्षी संसदेनं शब्द घातले आणि ते १९६२ पासून लागू असल्याचं जाहीर केलं. २०२० मध्ये हेगच्या लवादानं, भारत-नेदरलँड्स गुंतवणूक कराराच्या आधारे, भारताविरुद्ध निकाल दिला. केर्न एनर्जीच्या प्रकरणातही तेच झालं. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारनं मागची मागणी सोडली आणि पुढे केर्नला सुमारे ७,९०० कोटी रुपये परत केले.

या प्रकरणात मला दोन्ही बाजूंशी भांडावंसं वाटतं. झालेल्या व्यवहाराला मागाहून नियम लावणं चूकच होतं. खेळ संपल्यावर आट्यापाट्यांच्या रेषा हलवत नाहीत. पण प्रश्न विचारणं चूक नव्हतं. जमीन इथली, खनिज इथलं, गिऱ्हाईक इथलं, आणि त्यांच्या जिवावर वाढलेल्या किमतीचा हिशेब मात्र अशा बेटावर, जिथे आयकरच नाही. २०१२ नंतरच्या व्यवहारांना हा नियम आजही लागू आहे, आणि तसाच तो असायला हवा.

मालकी न विकताही नफा हलवता येतो. काल्पनिक उदाहरण घेते. देवगडच्या कॅनिंगच्या कारखान्यात आंब्याच्या रसाचा एक डबा ८० रुपयांत तयार होतो. कारखाना तो दुबईतल्या आपल्याच भगिनी कंपनीला १०० रुपयांना विकतो, आणि ती कंपनी रॉटरडॅमच्या व्यापाऱ्याला १८० रुपयांना. डबा दुबई पाहतही नाही, न्हावाशेव्याहून थेट युरोपला जातो. नफा १०० रुपये, पण इथल्या वहीत दिसतो २०. उरलेल्या ८० रुपयांवर ढोबळमानानं २५ टक्क्यांनी २० रुपये कर मिळाला असता, तो बुडाला. संयुक्त अरब अमिरातीत जून २०२३ पर्यंत बहुतेक कंपन्यांना आयकर नव्हताच, आता ९ टक्के आहे. आपल्याच भगिनी कंपनीला असा भाव लावण्यालाच ट्रान्स्फर प्रायसिंग म्हणतात. २००१ पासून आपला कायदा विचारतो की अनोळखी गिऱ्हाइकाला तुम्ही काय भाव लावला असता? तोच इथेही धरायचा. खनिजात तर हा प्रश्न राज्याच्या तिजोरीपर्यंत जातो, कारण लोहखनिजाचं स्वामित्वधन २००९ पासून टनामागे ठरावीक न राहता किमतीच्या टक्केवारीवर आलं.

जगातल्या १३० हून अधिक देशांनी २०२१ मध्ये मोठ्या कंपन्यांसाठी किमान १५ टक्के कराची कल्पना मान्य केली. तिचा उंबरठा मात्र वर्षाला ७५ कोटी युरो उलाढालीचा आहे. आपला डबेवाला कारखाना त्याच्या आसपासही नाही.

आणि आता तर भिंतही नाही, नांगरही नाही. तारकर्लीतलं एखादं घर निवास-न्याहारीच्या खोल्या परदेशी ॲपवरून भरतं. प्रत्येक बुकिंगमागे कमिशन जातं. त्या ॲपचं इथे ऑफिस नाही, माणूस नाही. करारांच्या भाषेत परदेशी कंपनीच्या धंद्यातल्या नफ्यावर कर लावायला तिची इथे कायमस्वरूपी आस्थापना लागते. सोप्या भाषेत, वखार लागते. भारतानं २०१६ मध्ये ऑनलाइन जाहिरातींवर ६ टक्के आणि २०२० मध्ये परदेशी ई-कॉमर्सवर २ टक्के वेगळा आकार बसवून पाहिला. दुसरा ऑगस्ट २०२४ मध्ये गेला, पहिला एप्रिल २०२५ मध्ये. न्यायालयं मात्र वखारीची व्याख्या रुंदावत आहेत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नोएडाजवळच्या फॉर्म्युला वन शर्यतीचा ट्रॅक, शर्यत तीनच दिवसांची असूनही, परदेशी कंपनीची आस्थापना धरला. जुलै २०२५ मध्ये दिल्लीतल्या हयात हॉटेलच्या प्रकरणात, स्वतःची स्वतंत्र जागा नसतानाही दुबईच्या कंपनीची आस्थापना इथे आहे असं ठरवलं, कारण हॉटेल कसं चालवायचं हे तीच ठरवत होती.

कंपनीला वखार लागते, माणसाचे मात्र दिवस मोजले जातात. आपल्याकडे ‘बोटीवर असतो’ म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागत नाही. मार्च जवळ आला की बोटीवरच्या माणसांची बोटं कॅलेंडरवर फिरू लागतात. ‘एकशे चौऱ्याऐंशी झाले काय?’ असं एकमेकांना विचारतात, म्हणजे देशाबाहेरचे दिवस. वर्षातले १८२ दिवस भारतात भरले तर तो निवासी, मग बोटीवरचा पगार इथल्या करात येतो. त्याहून कमी भरले तर अनिवासी. मोजणी तोंडी चालत नाही. परदेशी निघालेल्या बोटीसाठी त्याच्या सीडीसीत, म्हणजे खलाशाच्या नोंदवहीत, चढल्याची आणि उतरल्याची तारीख लागते. बोट वेळेआधी धक्क्याला लागली आणि चार दिवस कमी पडले, तर वर्षभराच्या पगारावर कर. मागच्या पिढीतल्या माझ्या एका काकांनी या वह्या पत्र्याच्या ट्रंकेत, सोन्याच्या शेजारी, मेणकापडात गुंडाळून ठेवल्या होत्या. आजही त्या उघडल्या की प्रत्येक पानावर शिक्का आहे: बंदराचं नाव, जहाजाचं नाव, चढल्याचा दिवस, उतरल्याचा दिवस.