कुरतडलेल्या पानांची बारा वर्षं

2012 च्या श्रावणात मी लिंबाच्या कुंडीपुढे हातात काडी घेऊन उकिडवी बसले होते. कागदी लिंबाचं ते रोप लावून दोन वर्षं झाली होती आणि लिंबू म्हणाल तर एकही धरलं नव्हतं. त्या पावसाळ्यात नवी पालवी फुटली म्हणून जरा आशा वाटायला लागली, तर पाचव्या दिवशी पालवीच्या जागी नुसत्या शिरा. उरलेल्या पानावर पाखराच्या शिटेसारखं काहीतरी पडलं होतं, काळपट, मधे पांढरट, ओलसर. काडीनं ते उडवायला गेले आणि त्या शिटेनं मान वर केली. डोक्यामागून दोन शेंदरी शिंगं बाहेर आली, आंबट उग्र वास सुटला आणि काडी टाकून मी मागे सरकले.

सासूबाई मागच्या दारातून बघत होत्या. "चिरडून टाक की, त्यात काय एवढं!" म्हणाल्या. मी चिरडलं नाही. दया आली असं अजिबात नाही. त्या वासाला हात लावायची इच्छा होईना, एवढंच.

साताऱ्याच्या आमच्या घरामागे जेमतेम दीड गुंठ्याचं परस आहे. तोवर तिथे जास्वंद, मोगरा, तगर, तुळस आणि सासूबाईंचा लाडका कढीपत्ता एवढाच संसार होता. फुलपाखरांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मुलगी तेव्हा कॉलेजात होती; तिनं ग्रंथालयातून आयझॅक किहिमकरांचं भारतीय फुलपाखरांवरचं जाडजूड पुस्तक आणलं, आणि आमची शीट म्हणजे लाइम बटरफ्लायची अळी निघाली. मराठीत लिंबाळी. पाखरांनी खाऊ नये म्हणून ही अळी लहानपणी शिटेचं सोंग घेते आणि शेवटची कात टाकली की एकदम हिरवीगार होते. त्या दिवसापासून मी एक वही केली. आज मागे वळून बघताना समोर आहे ती हीच वही. पहिल्या पानावर तारीख, खाली "अळ्या 6", आणि त्याखाली मुलीच्या अक्षरात "आई, बरणीला भोकं पाड".

भोकं पाडली, पण बरणी चुकीचीच होती. पावसाळ्यात काचेच्या बरणीत पानांची वाफ धरते, विष्ठा भिजते, बुरशी येते. सहातल्या चार अळ्या काळ्या पडून लिबलिबीत होऊन मेल्या. पाचवी एका रात्रीत गायब झाली. कोष करायची वेळ आली की अळी खाणं सोडते, पोट रिकामं करते आणि जागा शोधत भटकायला लागते, हे मला कुठे ठाऊक! मी झाकण नीट लावलं नव्हतं. चार दिवसांनी जेवणाच्या टेबलाच्या पायाला आतल्या बाजूनं कंबरेला रेशमाचा दोर बांधून ती बसलेली सापडली. सहावीचा लिंबाच्या हिरव्या फांदीवरचा कोष हिरवा होता, हा लाकडावरचा तपकिरी. मग आठवडाभर आमच्याकडे कुणी टेबल सरकवायचं नाही असा हुकूम होता, आणि तो सासूबाईंनी काढला होता.

सहावीची गोष्ट सांगायला मला अजून आवडत नाही. तिचा कोष बरणीतल्या फांदीवर झाला, खाली जेमतेम दोन बोटं जागा. सकाळी फुलपाखरू बाहेर आलं, पण ओले पंख खाली सोडून पसरायला त्याला जागा मिळाली नाही. पंखांत रक्तासारखा द्रव भरतो तो पहिल्या काही मिनिटांतच; तेवढ्यात पंख ताणले गेले नाहीत तर चुरगळलेले असतानाच वाळतात. त्याचे तसेच वाळले. नऊ दिवस ते तगरीच्या पानांवर चालत होतं. मी साखरेच्या पाण्यात बुडवलेला कापूस पुढे धरायची, ते सोंड उलगडून प्यायचं. वहीत त्या नऊ दिवसांत एक अक्षर नाही.

पुढच्या वर्षी सुतारानं लाकडी चौकटीची पेटी करून दिली, तिला मच्छरदाणीचं कापड. उंची दीड फूट, खाली वर्तमानपत्र, रोज बदलायचं. डहाळी औषधाच्या बाटलीत खोचायची आणि बाटलीचं तोंड कापसानं बुजवायचं, नाहीतर अळी देठावरून खाली उतरून पाण्यात बुडते. हेही बुडाल्यावरच कळलं. लिंबावर एकेक गोल पिवळसर मोत्यासारखं अंडं दिसायचं, तीन-चार दिवसांत अळी, मग साधारण दोन आठवडे नुसतं खाणं, मग आठ-दहा दिवस कोष. त्या वर्षी दिवाळीपर्यंत तेवीस फुलपाखरं उडाली. मी गल्लीभर सांगत सुटले होते. हे तर म्हणायला लागले, पेढे वाट आता.

मग आमच्या घरात कढीपत्त्यावरून भांडण पेटलं. कॉमन मॉर्मन म्हणजे आपलं बहुरूपी फुलपाखरू. त्याला कढीपत्ता फार प्रिय. "किड्यांना पानं आणि आमटीला काय?" हा सासूबाईंचा प्रश्न बिनतोड होता. शेवटी वाटणी झाली: पूर्वेच्या फांद्या अळ्यांच्या, पश्चिमेच्या फोडणीच्या. अळ्यांनी ती पाळली नाही. पण त्याच झाडानं मला माझं पहिलं खरं कोडं घातलं. एकाच आठवड्यात तिथल्या कोषांतून दोन माद्या निघाल्या. एक काळी, खालच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग असलेली, नरासारखीच. दुसरीच्या खालच्या पंखावर मधे पांढरा डाग आणि कडेला तांबड्या कोरी. मी वहीत दोन वेगळ्या जाती लिहून ठेवल्या, आणि शेजारी लिहिलं, "दुसरी अळी आली कुठून?"

दुसरी अळी आलेलीच नव्हती. बहुरूपीच्या माद्या तीन रूपांत असतात. एक नरासारखी, एक कॉमन रोजची नक्कल आणि तिसरी क्रिम्सन रोजची. ही दोन्ही 'रोज' फुलपाखरं अळीपणी ईश्वरीच्या वेलावर वाढतात, त्या वेलीतलं विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. बहुरूपीची मादी कढीपत्ता खाऊन विषारी कशी होणार? ती नुसता त्यांचा वेष करते. हा वेष मादीच्या अंगी कशानं येतो, ते कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं: नर-मादी ठरवण्याच्या कामातलं 'डबलसेक्स' हे एकच जनुक हे सगळं रूप बदलून टाकतं. मराठी वाचकांना कुंटे 'एका रानवेड्याची शोधयात्रा'मुळे माहीत आहेत. मला ते माझ्या कढीपत्त्यामुळे जवळचे वाटतात. माझ्या परसातल्या कोड्याचं उत्तर जगातल्या एवढ्या मोठ्या नियतकालिकात छापून यावं, याचा मला उगीचच अभिमान वाटला.

2015 च्या जूनमध्ये महाराष्ट्रानं ब्ल्यू मॉर्मनला राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. असं करणारं देशातलं हे पहिलं राज्य. त्याचं मराठी नाव नीलवंत, आणि सरकारी कागदावर इतकं देखणं नाव क्वचितच उमटलं असेल. मराठी नावांत माझं आणखी एक आवडतं म्हणजे हळदीकुंकू. कॉमन जेझबेलच्या पंखांच्या खालच्या बाजूला पिवळ्यावर लाल बोटं उमटलेली असतात, त्यावरून ते नाव. गंमत अशी की हळदीकुंकू नावाचं झाडही आहे, लाल-पिवळ्या फुलांचं. हळदीकुंकू फुलपाखरू मात्र अंडी घालतं ते आंब्यावरच्या बांडगुळावर. नर्सरीत हळदीकुंकू मागितलं की झाड मिळतं. त्यावर येतो तो प्लेन टायगर.

प्लेन टायगरसाठी मी कुंपणाला रुई लावली होती. त्याची अळी पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. कण्हेरीवर येणाऱ्या कॉमन क्रोच्या अळीला चार जोड्या असतात, ओळखायची ही सोपी खूण. रुईचं पान खाण्याआधी ही अळी शिरेला चीर पाडते, चीक वाहून जाऊ देते आणि मग पुढचं पान निवांत खाते. आमचा एकच वैरी होता. गल्लीतले एक आजोबा शनिवारी पहाटे मारुतीच्या माळेसाठी रुईची पानं तोडून न्यायचे. मारुतीच्या गळ्यात किती अंडी गेली, ते त्यालाच ठाऊक. मी आजोबांना अळी दाखवली. ते म्हणाले, "मग सांगायचं नाही का?" नंतर ते प्रत्येक पान उलटं करून बघून तोडायचे.

2016 च्या ऑक्टोबरात पेटीत प्लेन टायगरचे अकरा कोष लटकले होते. पोपटी, मेणाचे केल्यासारखे, सोनेरी ठिपक्यांचे. एक दिवस त्यांतले काही डागाळले. दुसऱ्या सकाळी कोषातून एक तलम धागा खाली आलेला दिसला आणि त्याच्या टोकाशी पांढुरकी गुबगुबीत अळी. त्या टॅकिनिड माशा होत्या. ही माशी अळीवर हल्ला चढवते, तिची पिल्लं अळीच्या आतच वाढतात, अळी खात राहते, कोषही करते, आणि आतून बाहेर पडतात त्या माशा. अकरातून चार फुलपाखरं निघाली. अळ्या मी उशिरा, मोठ्या झाल्यावर आत आणल्या होत्या. माशीनं तिचं काम त्याआधीच उरकलं होतं. चिडून मी माशांचे सगळे कोष पायाखाली चिरडले. आज वाचताना त्या पानावरचं अक्षर बघून वाटतं, 2012 मध्ये सासूबाईंनी सांगितलं होतं ते मी चार वर्षांनी केलं, फक्त माणूस पाहून.

2019 चं पान माझ्या चुकीचं आहे आणि थोडं दुसऱ्याच्याही. बहुरूपीच्या अळ्या वाढल्या, घरचा कढीपत्ता ओरबाडला गेला, म्हणून एका नर्सरीतून डेरेदार रोप विकत आणलं. एकाही पानाला छिद्र नाही! तेव्हाच कळायला हवं होतं. दुपारी चौदा अळ्या त्यावर सोडल्या. संध्याकाळी त्या हिरवं ओकत, अंग आखडून कुंडीत पडल्या होत्या. पानं धुतली होती, पण झाडाच्या रसातच औषध भिनलेलं असलं तर धुऊन काय होणार. तेव्हापासून विकतचं रोप निदान दोन महिने वेगळं ठेवते, जुनी पानं काढून टाकते आणि नव्या पालवीवरही आधी एकच अळी सोडते.

आणि मग 2020. टाळेबंदीत माळी यायचा बंद झाला आणि पावसाळ्यात परसाचं रान झालं. जिथे दर महिन्याला खुरपं फिरायचं तिथे अंबुशी, टाकळा, घोळ, कुठून आली कुणास ठाऊक अशी कोरांटी. अंबुशीवर नखाएवढी निळी फुलपाखरं आली. टाकळ्यावर पिवळी. पानफुटीची पानं आजारल्यासारखी पांढरी पडली, फाडून बघितलं तर पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधे रेड पिएरोची अळी आरामात जेवत होती. त्या एका पावसाळ्यात वहीत एकतीस जाती आहेत. आधीच्या आठ वर्षांत, पेट्या, बाटल्या आणि मच्छरदाण्या सांभाळून, मिळून एकोणीस.

ऑक्टोबरात एक प्लेन टायगर घोळीवर अंडी घालताना दिसला. मी हबकलेच. रुई सोडून ही घोळीवर कशी? अळ्या उपाशी मरतील! अर्धा तास मी त्या बाईला मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग फोटो मोठा करून पाहिला: खालच्या पंखावर असायला हवेत ते तीन-चार काळे ठिपके नाहीत, एकच आहे. ती डॅनेड एगफ्लायची मादी होती, हुबेहूब प्लेन टायगरचा वेष घेतलेली, आणि तिचं झाड घोळच. आठ वर्षं रोज प्लेन टायगर हाताळलेल्या बाईला तिनं अर्धा तास बनवलं. या फुलपाखराचं नाव तेव्हा 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत होतं, त्यामुळे पेटीत आणायचा प्रश्नच नव्हता. मी पहिल्यांदाच नुसती बघत बसले. काटेरी काळ्या अळ्या दिसल्या, काही मुंग्यांनी नेल्या, काही बुलबुलानं. कोष एकही सापडला नाही. डिसेंबरात एक नर, काळाभोर, पांढऱ्या डागांना जांभळी झाक असलेला, धुण्याच्या दगडावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक फुलपाखरावर धावून जात होता. तो त्यांतलाच, असं मी धरून चालले.

पेटी आता माळ्यावर आहे. नात आली की वर्षातून एकदा खाली येते, एकाच अळीसाठी. कोषातून पंख बाहेर येताना प्रत्येक मुलानं एकदा तरी बघावं, याबद्दल मला शंका नाही. पण पेटीत वाढवलेल्या फुलपाखरांनी परस भरतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गॅलरी असेल तर एक लिंबू, एक कढीपत्ता, एक पानफुटी लावा. जागा असेल तर कोपऱ्यातल्या घोळीला आणि टाकळ्याला हात लावू नका. घाणेरीच्या मोहात पडू नका. मधासाठी ती चांगली असली तरी रानं गिळते. एकदांडी आणि झिनियावर फुलपाखरं तेवढ्याच आनंदानं येतात. आणि औषध मारू नका, कडुनिंबाचंसुद्धा. त्यालाही अळी माणसांसारखं 'नैसर्गिक' म्हणत नाही.

सासूबाई 2022 मध्ये गेल्या. शेवटचं वर्षभर त्या मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसायच्या आणि बुलबुल कढीपत्त्यावर आला की काठी आपटायच्या. पश्चिमेच्या फांद्यांवरचा हक्क त्यांनी कधी सोडला ते वहीत नोंदवायचं राहून गेलं. आमटीसाठी कढीपत्ता आता मंडईतून येतो. तो तीनदा धुऊन घेते.